मागून पाहिलं तर

शनिवारी दुपारी दोनला रेडिओवरून देशोदेशी बोलायची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आमच्या हौशी रेडिओ क्लबात दोन सभासद हजर होते: मी आणि रादिसाव काका. म्हणजे शंभर टक्के हजेरी.

भिंतीवर नगरपालिकेचं पत्र डकवलं होतं. स्पर्धेच्या पहिल्या दोन तासांत एक तरी परदेशी संपर्क वहीत नोंदवा, नाहीतर क्लब मेला असं समजून खोली मधमाशीपालकांना देण्यात येईल.

जुन्या माईकमध्ये उंदरानं संसार थाटला होता, म्हणून काकांनी माईकवाला हेडफोन आणला. त्याच्या माईकचा प्लग आमच्या सेटला बसेना, कारण जगात जितके सेट तितके प्लग. मग काकांनी आकृती समोर ठेवून आठ पिनांचा नवा प्लग स्वतः सोल्डर केला.

"चाळीस वर्षं प्लग जोडतोय, ओग्न्येन. डोळे मिटून जोडीन."

"पण काका, हा उघडे ठेवूनच जोडलात ना?"

"तू तोंड मीट."

हेडफोन लावला, तर आवाज फक्त डाव्या कानात. ऐकायचा प्लग वेगळा, तो दोन कानांचा; सेटचं भोक एका कानाचं. काकांचा डावा कान सैन्यात असताना तोफेनं नेला होता. त्यांनी हेडफोन उलटा घातला, तर माईक मानेमागे गेला. मी त्याची दांडी वाकवून पुढे आणली. ती मोडली नाही, हा त्या दिवसातला एकमेव शुभशकुन.

मग काकांनी बोलायचं बटण दाबलं. सेट बोलायचं सोडून वरच्या फ्रिक्वेन्सीला पळत सुटला. बटण सोडलं की थांबे, दाबलं की पळे. पाऊण तासात आम्ही एक इटलीवाला, एक पोलंडवाला आणि दोन झेक ओलांडून पुढे गेलो, एकालाही नमस्कार न करता.

काकांनी प्लग तीनदा उघडला. "एकला एक, दोनला दोन. बघ! सगळं बरोबर आहे!"

"बरोबर असून असं, मग चुकलं असतं तर काय झालं असतं?"

"घरी जा."

मी गेलो नाही, कारण तेवढ्यात मधमाशीवाला बुदिमिर मोजपट्टी घेऊन आला. वर मधाची बरणीही आणली होती, सांत्वनाला.

"चालू द्या तुमचं," तो म्हणाला. "कपाट कुठं बसेल तेवढं बघतो."

मापं घेत घेत तो टेबलापाशी आला आणि आकृतीवर वाकला. "हे समोरून काढलंय का?"

"म्हणजे?" काका गुरगुरले.

"आम्ही मधमाश्यांच्या पेटीच्या मागे उभे राहतो. चौकटी मागूनच मोजायच्या. समोरून मोजलं की पहिली ती शेवटची. माझ्या मेहुण्यानं एकदा समोरून मोजल्या, तर संध्याकाळी त्याच्याच कुत्र्यानं त्याला ओळखलं नाही."

काकांनी प्लग आकृतीशेजारी धरला आणि उलटा केला. चाळीस वर्षांत मी... म्हणजे माझ्या वाट्याच्या चार वर्षांत, त्यांना दुसऱ्याचं ऐकताना पाहिलं नव्हतं. आकृती प्लगच्या तोंडाकडून काढलेली. सोल्डर करायचं ते पाठीकडून. डावं ते उजवं झालेलं, बोलायच्या बटणाची तार फ्रिक्वेन्सी वाढवायच्या पिनेवर.

बुदिमिरनं पकडीत प्लग धरला, काकांनी तारा उपटून पुन्हा जोडल्या. आपल्याच कपाटाची जागा आपण घालवतोय, हे बुदिमिरच्या लक्षात आलं नाही. मीही आणून दिलं नाही.

चारला दोन मिनिटं कमी असताना सीमेपलीकडच्या सेगेडचा एक हंगेरियन सापडला. तिथवर आम्ही सायकलनं गेलो असतो, पण परदेश तो परदेश. काकांनी वहीत नोंद केली आणि मध थेट बरणीतून प्यायला.

सोमवारी नगरपालिकेतल्या कारकुनानं वही पाहिली. "तेरा अठ्ठावन्न. स्पर्धा चौदाला सुरू झाली. हा संपर्क तर आधीचा आहे."

"अहो, रेडिओवाले जगभर ग्रिनिचची वेळ लिहितात! आपल्यापेक्षा दोन तास मागे!" काका ओरडले.

"खोली ग्रिनिचला आहे का?"

"बुदिमिरला विचारा! तो तिथंच होता!"

"तो अर्जदार आहे. त्याची साक्ष चालत नाही."

खोली मधमाशीपालकांना, असा शिक्का बसला.

काका पायऱ्या उतरले ते मागे न बघता. फाटकाशी बुदिमिर उभा होता, ओशाळलेला.

"तुमचं टेबल हलवणार नाही," तो म्हणाला. "शनिवारी या खुशाल. फक्त मागच्या दारानं या. समोर पेट्या असतील."