स्लॅबवरची शेवटची काडी

शांतादेवी गेल्या. आता असं काही झालंच नाही, असं धरून चाला. आम्हीही तेच करतोय.

तर शिरोळकडं पाणी चढलं, टॉवर बंद पडले आणि मोबाईलचे नुसते आरसे झाले. माझा मित्र अमरेश, त्याची आई शांतादेवी आणि चुलता शिवाप्पा गावाबाहेरच्या वस्तीत घराच्या स्लॅबवर अडकले; ते घर मी कधी पाहिलेलं नव्हतं. आईला दम लागलेला. चालू वस्तू एकच, अमरेशचा हातातला हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी सेट. इकडं शहरात, राजारामपुरीत गच्चीवर माझा सेट घेऊन मी, आणि शेजारी बचावाच्या बोटींचं बघणारे उदयसिंह.

अमरेशला मी आधीच पढवून ठेवलं होतं. ऐकायला बॅटरी किरकोळ लागते, बोलायला लागलं की पाण्यासारखी जाते. (त्या दिवशी पाणी सोडून सगळंच जात होतं.) म्हणून वॉट कमी, स्क्रीनचा दिवा बंद, दोन शब्दांत काम. पल्ला वाढवायला बुटकी अँटेना काढून लांब लावायची, तिच्या बुडाला हातभर वायर लोंबती सोडायची आणि सेट डोक्याइतका उंच, उभा धरायचा. त्यानं सगळं केलं. डोंगरावरच्या रिपीटरनं आवाज उचलून आमच्याकडं फेकला, तो इतका स्वच्छ की माणूस दारात उभं आहे असं वाटावं.

घात तिथंच झाला. शिवाप्पाकाकांनाही तसंच वाटलं. त्यांनी सेट ओढून घेतला.

"कोण, उदयसिंह? रामराम पावणं! च्या झाला का?"

"झाला की. बॅटरी किती हाय?"

"एक काडी. आमच्या च्याचं काय, चूल खाली आन् आम्ही वर."

"काका, आधी घर सांगा!" मागनं अमरेश ओरडला. "आईला श्वास घेता येईना!"

"सांगतोय की! पावण्यास्नी च्याचं इचारायचं न्हाय व्हय?"

"कुठलं घर?" उदयसिंह म्हणाले.

"आमचंच की! कुणालाबी इचारा."

विचारायला तिथं पाण्याशिवाय कुणी नव्हतं.

"खूण सांगा काका, खूण!" मी.

"खूण व्हय? म्होरं चिंचंचं झाड हाय. म्हंजे हुतं. त्येच्या..."

मग काही नाही. खरखरसुद्धा नाही.

बोट स्लॅबमागून स्लॅब फिरली. एका स्लॅबवर शेळी सापडली, ती आणली. ती तब्येतीनं उत्तम होती. वस्ती सापडली दुसऱ्या दिवशी. बोटीत दोघं बसून आले, एकीला आणलं.

मी काठावर घ्यायला गेलो, तेव्हा अमरेशनं सेट अजून डोक्याइतका उंच, उभा धरला होता. मी शिकवलं होतं अगदी तसाच. घरी येऊन मी अर्ज लिहायला घेतला.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी (विभाग माहीत नाही) यांस,

सदर बॅटरीस एका वाक्यापुरती मुदतवाढ पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावी, आणि चहाची चौकशी झालीच नाही असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.