डावी मांडी

राखीव पिचरांच्या कठड्याचं दार लाथेने उघडून वास्कर पेगेरो धावत सुटला, तेव्हा त्याच्या हातात तळलेल्या केळ्यांची पिशवी तशीच होती. शेजारच्या कठड्यातून विरुद्ध संघाचे, ला वेगाचे राखीव पिचरही निघाले होते. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारे हे राखीव लोक मैदानाच्या पार मागच्या टोकाला बसतात, त्यामुळे मारामारी बॅटरच्या जागेपाशी, होम प्लेटजवळ पेटली की तिथवर पोचायला त्यांना अख्खं मैदान तुडवावं लागतं, आणि ज्यांना बडवायचं त्यांच्याच शेजारून धावत जावं लागतं.

"हळू रे, हळू," ला वेगाचा एक जाडा पिचर धापा टाकत म्हणाला. "आपण पोचेपर्यंत संपू दे की."

"केळं घे," वास्कर म्हणाला.

जाड्याने पळता पळता दोन काप उचलले.

पण आज संपलं नव्हतं. प्लेटपाशी दार्विन कुशीवर पडला होता. वास्करच्या बाराओना संघातला हा सगळ्यात लहान आणि सगळ्यांचा लाडका खेळाडू. ला वेगाच्या पिचरचा चेंडू त्याच्या जबड्यावर बसला होता. तोंड मिटत नव्हतं, आणि त्यातून येणारं रक्त तांबड्या मातीत मुरत होतं. त्याच्या अंगावरून, पायांवरून चाळीसएक माणसं एकमेकांना तुडवत होती. कोणी हेल्मेट धरून समोरच्याच्या नाकावर आपटलं. आजोबा झालेला एक प्रशिक्षक कोणाचा तरी कान दातात धरून लोंबत होता. वास्करने पिशवी टाकली. पाठीत एक गुद्दा बसला, त्याने वळून न बघताच कोपर मारलं, आणि मागे कोणीतरी विव्हळलं.

तेवढ्यात त्याची गचांडी धरली गेली.

"मीच आहे," हेनारो लुगो म्हणाला. "धर मला. नीट धर, लोक बघतायत."

वास्करने त्याच्या सदऱ्याची मूठ आवळली. हेनारो ला वेगाचा सगळ्यात तगडा बॅटर, आणि वास्करचा कॉम्पाद्रे. वास्करच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिचा धर्मपिता म्हणून त्यानेच हातावर घेतलं होतं. एकाच गल्लीत वाढलेले दोघे; पोहायला शिकले तेही एकाच ओढ्यात. विरुद्ध संघांतले मित्र अशा गर्दीत एकमेकांना शोधून घट्ट धरून ठेवतात, म्हणजे दोघांनाही दुसऱ्या कोणाचा मार खावा लागत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलून दाखवत नाही.

"पोराचं काय?" हेनारोने विचारलं.

"जबडा गेला."

"देवा." हेनारोने त्याला उगाच गदागदा हलवलं. "पुढच्या डावात पहिली बॅटिंग माझी, म्हणजे बदल्याचा चेंडू मलाच बसणार. टाकणार कोण?"

"मी."

"मग बरं. डावी मांडी, मागच्या बाजूने. गुडघ्याला लावू नकोस, पोराबाळांचा धनी आहे मी."

"मी नाही मारणार, कॉम्पाद्रे. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," हेनारो म्हणाला. त्याच्या भुवईतून रक्ताची धार डोळ्यात उतरत होती आणि हेनारो तो डोळा मिचकावत होता. "पण तू नाही टाकलास तर तुमचा तो येफ्री टाकेल. आज नाही तर उद्या. त्याला उभं घर दाखवलं तरी चेंडू कौलावर जातो. माझं डोकं फुटलं तर जेवायला कोणाकडे येशील?"

पंचांनी आणि पोलिसांनी मिळून त्यांना सोडवलं. सुटताना हेनारोने दाखवण्यापुरता त्याच्या छातीत एक ठोसा मारला. तो चांगलाच लागला.

*

वास्करच्या करारात एक ओळ होती. ती त्यानेच घातली होती.

दोन वर्षांपूर्वी, जुन्या क्लबात असताना, व्यवस्थापकाने त्याला एका बॅटरचं नाव सांगितलं होतं. बरगड्यांत बसव, म्हणाला होता. वास्करच्या मनात नव्हतं. मनात नसताना टाकलेला चेंडू बोटांतून निसटतो आणि वर चढतो. तो त्या बॅटरच्या, इस्माएलच्या डोळ्याशेजारच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वास्करने पिचरच्या उंचवट्यावर उभं राहून ऐकला. चौकशीत त्याला विचारलं, कोणी सांगितलं? त्याने नाव दिलं. व्यवस्थापकाला काढलं, वास्करला थोडेच सामने बाहेर बसवलं, आणि इस्माएलने डाव्या डोळ्याशिवाय जगायला सुरुवात केली.

नंतर क्लबांची रांग लागली होती. इतका नेमका टाकणारा पिचर हिवाळ्याच्या लीगमध्ये सहसा मोकळा सापडत नाही. वास्कर प्रत्येकाला तीच ओळ दाखवायचा: 'कोणत्याही खेळाडूला चेंडू मारण्यास मला कोणीही सांगणार नाही.' कोणी हसलं. कोणी डोळा मारून म्हणालं, घाल की, कागदाला काय होतंय. डोळा मारणाऱ्यांना त्याने नाही म्हटलं. बाराओना संघाच्या मालकीण दोन्या मिलाग्रोस तेवढ्या हसल्या नाहीत. बर्फाचा कारखाना चालवणाऱ्या या विधवेला सगळे मानाने 'दोन्या' म्हणत. त्यांनी ओळ दोनदा वाचली.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण या ओळीची किंमत मी तुझ्याकडूनच कापून घेणार."

निम्म्या पैशांत त्याने सही केली. विधवेने बोकडाच्या भावात बैल आणला, असं गावभर झालं. संघातले लोक त्याला 'पाद्री' म्हणू लागले. त्याच्या बाकावर दोघांची जागा रिकामी असायची. मुद्दाम नाही, पण असायची. वास्करला त्याचं काही वाटत नव्हतं. रात्री झोप लागत होती, आणि त्यासाठी निम्मे पैसे म्हणजे काहीच नाही असं त्याला वाटायचं.

*

शेवटच्या डावासाठी तो उंचवट्यावर गेला. बाराओना एका धावेने पुढे होतं. पंचांनी दोन्ही संघांना बजावून ठेवलं होतं, की आता कोणालाही चेंडू लागला तर टाकणारा सरळ घरी जाईल. स्टेडियम शांत होतं. शनिवारच्या दुपारी, रम आणि ढोल असताना, इतकी शांतता कधी नसते. दार्विनच्या रक्तावर कोणीतरी माती सारली होती आणि ती बाकीच्या मातीपेक्षा काळी दिसत होती.

हेनारो बॅट घेऊन आला. भुवईवर चिकटपट्टी लावलेली होती. रोज जिथे उभा राहायचा, त्याच्या वीतभर पुढे तो आज उभा राहिला आणि डावी बाजू जराशी वळवली, शिंप्यासमोर माप द्यायला उभं राहावं तशी.

बाराओनाचा म्हातारा व्यवस्थापक ओनेसिमो खालच्या बाकावरून पायऱ्या चढून उंचवट्याकडे आला. वास्करने पहिला चेंडू टाकायच्या आतच आला.

"मी काही सांगायला आलो नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मी तसं कधीच कोणाला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नाही."

"माहीत आहे, ओनेसिमो."

म्हाताऱ्याने बुटाने माती उकरली. "तुला नको असेल तर येफ्रीला बोलावतो. तो मागतोय चेंडू."

वास्करने मागे वळून पाहिलं. कठड्यात येफ्री तयारी करत होता. तो दार्विनच्या खोलीत राहायचा; दोघे एकाच वस्तीतले. रडत रडत तो जिवाच्या आकांताने चेंडू फेकत होता. एक चेंडू कॅचरच्या बऱ्याच वरून गेला आणि मागच्या पत्र्यावर असा आदळला की प्रेक्षक दचकले. वास्करने आपल्या बाकाकडे पाहिलं. तिथे कोणी ओरडत नव्हतं, खुणा करत नव्हतं. सगळे नुसते त्याच्याकडे बघत होते. कोणीही काही सांगत नव्हतं. तेव्हा त्याला कळलं, की त्याची ती ओळ सगळ्यांनी अगदी इमानाने पाळली आहे आणि तिने त्याला कशातूनही वाचवलेलं नाही.

"मीच टाकतो," तो म्हणाला.

ओनेसिमोने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो परत गेला.

हळू टाकून भागणार नव्हतं. हळू चेंडू म्हणजे थट्टा. मग येफ्रीच्या हातात उद्या पुन्हा चेंडू आला असता. आणि अर्ध्या मनाने टाकलेल्या चेंडूचं काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मारायचं तर मनापासून मारायला हवं होतं. वास्करने त्या मांडीकडे पाहिलं. त्याला हेनारोचा राग आला. इतक्या आरामात उभा राहिला म्हणून, त्याच्यावर एवढा विश्वास टाकला म्हणून खराखुरा राग आला, आणि तो राग त्याने खांद्यातून खाली बोटांपर्यंत येऊ दिला.

चेंडू हातातून सुटला त्या क्षणी हेनारोच्या हातून बॅट पडली. त्याचे दोन्ही हात वर गेले आणि त्याने डोकं झाकून घेतलं.

चेंडू डाव्या मांडीवर, मागच्या बाजूने बसला. भिजलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा आवाज झाला. हेनारो एका गुडघ्यावर बसला, त्याच्या घशातून गुरासारखा आवाज निघाला, आणि मग स्टेडियम गर्जलं. ढोल वाजू लागले. बायका, म्हातारे, दाण्यांच्या पुड्या विकणारे, सगळे उठून नाचत होते. ला वेगाचे खेळाडू पायऱ्यांवर आले. हेनारोने त्यांच्याकडे न बघता पंजा वर केला, तसे ते थांबले आणि एकेक करून खाली बसले. तो लंगडत पहिल्या बेसकडे गेला. हिशेब मिटला होता.

पंचांनी वास्करला बाहेरचा रस्ता दाखवला. तो न भांडता निघाला.

*

आत, कपडे बदलायच्या खोलीत, बाहेरचा सामना त्याला ऐकू येत होता. त्याच्या जागी आलेल्या येफ्रीने पुढच्या तिघांनाही बाद करून सामना जिंकून दिला. मग सगळे आत आले, आणि जे आजवर त्याच्या शेजारी बसले नव्हते त्यांनी त्याला उचललं. डोक्यावर बिअर ओतली. कॅचरने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून गालाचा मुका घेतला.

"पाद्री मेला!" तो ओरडला. "आता तू आमचा!"

येफ्री गर्दीतून पुढे आला. त्याने वास्करच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि हुंदके दिले. वास्करने त्याला थोपटलं. थोपटताना त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. इस्माएलच्या वेळी हा हात आठवडाभर थरथरत होता. आज तो जराही हलत नव्हता. त्याला त्या हाताची भीती वाटली.

दोन्या मिलाग्रोस आल्या. मागून दोन माणसांनी कारखान्यातला बर्फ आणला. जबडा तारांनी बांधावा लागणार, पण पोरगा बोलेल, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी वास्करला दारापाशी बोलावलं.

"मला तुझा हिशेब नीट करायचा आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचे देत होते तेवढे देते. ती ओळ आपण काढून टाकू. आता तिचा काय उपयोग?"

"ओळ राहू द्या, दोन्या. पैसेही आहेत तेवढेच राहू द्या."

"का रे? तुझ्या जिवावर मला कंजूस म्हणवून घ्यायचं नाही."

वास्करने बाहीने तोंड पुसलं. केसांतून बिअर टपकत होती.

"मागच्या वेळी कोणी सांगितलं असं विचारलं, तेव्हा माझ्याकडे नाव होतं," तो म्हणाला. "दोन वर्षं त्या नावावर झोपलो मी. आज तुम्ही पैसे वाढवलेत, तर मला पुन्हा एक नाव मिळेल, तुमचं."

दोन्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी त्याच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि बर्फाच्या गोणीकडे हात केला.

"त्यातला घेऊन जा थोडा," त्या म्हणाल्या. "तो बाहेर थांबलाय."

हेनारो खरंच थांबला होता. गाडीचं दार उघडं टाकून तो आडवा बसला होता, अर्धी चड्डी वर सरकवून. मांडीवर काळानिळा गोळा उठला होता आणि त्यात चेंडूची शिवण टाक्यान् टाक्यासकट उमटली होती.

"बघ तरी!" हेनारो म्हणाला. "सांगितलं होतं तिथेच. देशात दुसऱ्या कोणाला जमलं नसतं."

वास्करने बर्फाची पिशवी त्यावर ठेवली. हेनारोने आईवरून शिवी घातली. मग दोघेही हसले.

"सोमवारी येतोयस ना? पोरीचा वाढदिवस आहे."

"येणार तर. एका पायावर येईन. बोकड काप मात्र."

"कापतो." वास्करने पिशवी सरकवून नीट केली. "कॉम्पाद्रे, दोन्ही हात डोक्यावर का घेतलेस?"

"कधी?"

"चेंडू सुटला तेव्हा."

हेनारोने चड्डी खाली ओढली. पाय उचलून गाडीत घेतला, दार लावलं, काच खाली केली.

"माशी होती," तो म्हणाला.

"माशी."

"मोठी होती."

वास्करने मान डोलावली. निघताना नेहमी करतो तसं गाडीच्या टपावर थाप मारायला त्याने हात उचलला. हेनारोची मान झटकन खांद्यांत गेली आणि डोळे घट्ट मिटले.

वास्करने हात खाली घेतला.

"माशी," हेनारो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.