सहावी वायर

“सांगून कुणाला पटायचं न्हाई, सायेब. मी सोता बघितलं नसतं तर मलाबी पटलं नसतं,” कुशाबानं सुरुवात केली आणि कॅन्टीनमधले लोक चहाचे ग्लास सांभाळत त्याच्या बाकाकडे सरकले.

कुशाबा गेटवरचा म्हातारा वॉचमन. ओढ्यात त्यानं धरलेला मासा दर सांगण्याला वीतभर वाढायचा, आणि सत्त्याऐंशी साल उजाडेपर्यंत तो पिरंगुटच्या बसमध्ये मावेनासा झाला होता. तरी लोक ऐकायचे. आज तर नवे सुपरवायझर साहेबसुद्धा खुर्ची ओढून बसले होते.

अनुसया भिंतीकडच्या बाकावर होती. कारखान्यात मोटारी चालू-बंद करायची पॅनेलं बनायची, पण तिच्या वाट्याला यायची ती बनून झाल्यावर. खोक्यात भरून सुतळी बांधायची, एवढंच पॅकिंगवालीचं काम. आत वायरिंगचं एक टेबल दिवाळीपासून रिकामं होतं. त्यावर कुणाला बसवायचं ते साहेब आज सुट्टीच्या आत सांगणार होते. अनुसयाला ते टेबल हवं होतं. येता-जाता त्याच्या कडेवरून ती बोटं फिरवून जायची. पण हवंय म्हणून सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि साहेबांपुढे तिची जीभ टाळूला चिकटायची.

“तर खंडेनवमीचा दिवस,” कुशाबा म्हणाला. “समद्यांची पोरंबाळं आलेली. मालकांनी तीन टीव्ही मांडलेले आन् त्येला व्हिडिओ गेमचे तीन डबे. एकात इमान, एकात मोटार, एकात चेंडू. जेवणं व्हायच्या आत पोरांनी तिन्ही डब्यांचे खेळायचे दांडे मुळापासनं उपटले. ही रडारड! मालक डोक्याला हात लावून बसले. तवा पुढं झाला कोण? आमचा नथू!”

कुशाबाचा भाचा नथू समोरच बसला होता. ग्लास तोंडाशी नेता नेता तो थांबला. त्या दिवशी तो सबंध दुपार शिऱ्याच्या पातेल्यापाशी होता, हे अनुसयाला पक्कं ठाऊक होतं. तिला शिरा त्यानंच वाढला होता.

पुढे झाली होती ती अनुसया. पुढे म्हणजे काय, सगळे जेवायला बसल्यावर ती त्या तुटक्या दांड्यांपाशी उकिडवी बसली. आत काय असतं ते बघायचं होतं, बस्स. प्रत्येक दांड्यात सहा वायरी निघाल्या. दोन-दोन टोकं एकमेकांना लावून बघताना तिला उमगलं की पाच वायरींचं एकेक काम आहे: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि गोळी झाडणं. सहावी मात्र सगळ्यांची. तिला टेकल्याशिवाय बाकीच्या पाचांना काही करता येत नाही.

“भंगाराच्या पेटीत नथूला पाच पुश बटनं घावली,” कुशाबा सांगत होता. “चार हिरवी, एक लाल. आन् भोकं पाडलेला पॅनेलचा एक रिजेक्ट दरवाजा.”

हे मात्र खरं होतं. बटनं पाचच होती म्हणून तर तिन्ही डबे एकाच दरवाजावर आणावे लागले.

“जोडलं समदं. आन् वरचं बटन दाबलं, तर सायेब, तिन्ही टीव्ही एकदम! इमान वर, मोटार म्होरं, चेंडूची फळीबी वर! आन् हिकडं गेटवरचा माझा भोंगा वाजाया लागला!”

“भोंगा?” साहेब हसले.

“भोंग्याचं काय घिऊन बसला? तिकडं रिहे गावात माझ्या मेव्हण्याचा पंप चालू झाला. भात तुंबलं त्येचं!”

कॅन्टीन खिदळलं. “मेव्हणा पोहत आला का?” कोणीतरी विचारलं.

साहेबांनी मात्र खिशातली पेन्सिल काढली. “थांबा कुशाबा. भोंगा राहू द्या. तिन्ही एकदम हलत होते, तर मग पोरं एका वेळी एकच गेम खेळणार कशी?”

अनुसयाचा ग्लास हातातच राहिला. त्या दिवशी तिनंही स्वतःला हेच विचारलं होतं. पेटीत तिला तीन घरांचा एक सिलेक्टर मिळाला होता, खुंटी फिरवली की एका वेळी एकच घर जोडणारा, आणि वायरी अठरा. अठरा वायरी तीन घरांत कशा बसवायच्या? मग तिला माहेरचं भाताचं खाचर आठवलं. वरून किती का पाणी येईना, खालच्या बांधाचं तोंड बंद असलं की ते जागचं हलत नाही. वरची पाच तोंडं कशाला अडवत बसायची? तिनं पाचही वायरी तिन्ही डब्यांना एकत्रच राहू दिल्या आणि फक्त सहाव्या, तीन डब्यांच्या तीन, सिलेक्टरच्या तीन घरांत नेल्या. खुंटी फिरवली, विमान हललं. मोटार गप्प. चेंडू गप्प. परत फिरवली, मोटार पळाली. ती एकटीच हसली होती. जेवून आलेली पोरं खेळायला लागली, पण हे कुणी केलं ते कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

“सोप्पं हाय,” कुशाबा म्हणाला. “नथूनं अठराच्या अठरा वायरी तीन घरांच्या सिलेक्टरवर घेतल्या.”

“तीन घरांच्या सिलेक्टरवर अठरा?” साहेबांची पेन्सिल थांबली. त्यांनी नथूकडे पाहिलं. “कशा घेतल्यास रे?”

नथूनं मामाकडे पाहिलं, मग चहात.

“लाजतोय सायेब. अशा गड्याला टेबल द्या, बगा कसं सोनं करतोय त्येचं,” कुशाबा म्हणाला आणि मान वळवून नेमका भिंतीकडच्या बाकाकडे बघू लागला. “कुणाला काय म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा. नायतर सायेब वर जाऊन नाव लिवत्यात.”

अनुसयानं ग्लास बाकावर ठेवला.

“न्हाई ना? मग ऐका,” कुशाबानं आवाज चढवला. “नथूनं सोल्डरिंगचं आयर्न लालबुंद तापवलं, आन् एकेका वायरीला असा डाग दिला, असा डाग दिला...”

“खोटं हाय!”

बाक मागे सरकल्याचा आवाज झाला. अनुसया उभी होती. आपण कधी उठलो ते तिलाही कळलं नव्हतं.

“खंडेनवमीला आयर्न कुठलं, कुशाबा? आयर्न, पक्कड, पान्हे, समदी हत्यारं पाटावर पूजेला मांडल्याली. हळदकुंकू तुमीच वाह्यलं त्येस्नी. त्या दिशी कुणी हात लावतंय व्हय? डाग दिलाच न्हाई सायेब, मी वायरी दातानं सोलल्या आन् ह्याच कॅन्टीनच्या चमच्याच्या शेपटीनं स्क्रू आवळले. आन् सिलेक्टरवर अठरा न्हाई, तीनच घेतल्या. आणा तो दरवाजा, दावते!”

कुशाबा मिशीतल्या मिशीत हसला आणि बाकावर सरकून त्यानं तिला साहेबांपुढे यायला वाट करून दिली.