मोटारीच्या खोलीतला मुक्काम

आमच्या ह्यांच्या मुताच्या पिशवीत कॅन्सर निघाला. भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू? पर कॅन्सर ऱ्हायला बाजूला, त्याच्या औषधानंच माजा मानूस घरातनं उठवला.

झालं आसं. सोलापूरच्या डाक्टरनं नवीन औषध चालू केलं. खालनं नळी घालून पिशवीत व्हायरस सोडायचा, त्यो कॅन्सरला आतनं फोडतो. आठवड्याला एक, आसं सहा डोस. पयला डोस घेऊन हे आमच्या ल्योकासंगं, इंद्रजीतसंगं, एसटीनं आले आन दारातच थांबले. म्हनले, "बजा, जवळ येऊ नगं. माज्या आत व्हायरस हाय."

आता व्हायरस म्हनलं की आमच्या गावाला एकच ठावं. कोरोनात थोरल्या दिरांना प्लास्टिकात गुंडाळून नेलं, जाऊबाईला तोंड सुदिक बगू दिलं न्हाय. मी मागं सरले. हे अंथरून घिऊन धरनाकाठी, केळीच्या रानात, पान्याच्या मोटारीच्या खोलीत जाऊन ऱ्हायले.

मग काय! सकाळ-सांच्याला भाकरी न्यायची, धोंड्यावर ठिवायची, आन धा पावलं मागं जाऊन हुबं ऱ्हायचं. हे जेवायचे, मी बगायची. "कालवनात मीठ कमी हाय," म्हनायचे, तर मला लई बरं वाटायचं. भांडायला कायतरी गावलं की! चाळीस वर्सं ह्या मानसाच्या घोरन्यानं माजी झोप मोडली. आता घर गप, आन झोप बी न्हाय. दुपारच्याला उगंच त्यांचा सदरा झटकायची, घडी घालायची, परत मोडायची. येडीच झाल्ते म्हना की.

सहाव्या डोसला इंद्रजीत केळीचा ट्रक भरन्यात गुतला, म्हनून मी गेले. एसटीत बी तीन शिटा मागं बसले. दवाखान्यात फिरदोस नावाची नर्स हुती. ती म्हनली, "आजी, लांब का उभ्या? बसा की बाबांजवळ."

"नगं बाई, कोरोना..."

ती हसायलाच लागली. "अहो, हा तो व्हायरस नाही. मुलगा बाहेर होता, पण बाबांना पहिल्याच दिवशी सांगितलंय, घरातच राहा. संडासात ब्लिचिंग टाका, हात धुवा, बास."

पयल्याच दिवशी! माजं डोस्कंच फिरलं. हे खाटंवर भितीकडं तोंड करून पडलेले. औषध पिशवीभर फिरावं म्हनून दर पाव तासाला कूस बदलायची आसती.

"अवो, तुमास्नी ठावं हुतं?"

ह्यांनी चादर कानावर वडली.

"बोला की! पाच आठवडं मला धोंड्यापाशी हुबं केलं, जिवाला काय वाटलं न्हाय?"

भितीलाच म्हनले, "मुताची कळ धरवत न्हाय गं. धोतरातच हुतं. वास येतो. तू नाकाला पदर लावला आस्तास तर मला बगवलं नस्तं."

तवा मात्र मला रडू फुटलं, नर्सफुडंच. "तुमच्या वाटंकडं बगून बगून मी वाळले, आन तुमी धोतराचं काय घिऊन बसला?"

"बाबा, कूस बदला," फिरदोस म्हनली.

आता माज्याकडंच वळावं लागलं. डोळं गच्च मिटलेले. मी त्यांचा हात धरला.

"आज घरी चलायचं."

"आन वास आला मंजी?"

"येऊ द्या की. तुमचाच हाय न्हवं."