गुरुवारची वाटणी

कौशल्येच्या दारावर पाटी लागली त्या दिवशी माझं वरण करपलं. मी खिडकीत उभी राहून तिच्या घरगड्याचं खिळे ठोकणं पाहत बसले आणि चुलीकडं लक्ष राहिलं नाही.

पत्र्याची निळी पाटी. वर पांढऱ्या अक्षरांत महादेवरावांचं नाव आणि खाली ‘सभासद, भारतविद्या सभा, अमरावती शाखा’. महादेवराव म्हणजे कौशल्येचा नवरा. त्या माणसाला भारताचा किंवा विद्येचा त्रास आजवर कधी झालेला नव्हता. वलगावची जमीन, कापसाचा भाव आणि दुपारची झोप, एवढ्यात त्याचं सगळं भागत होतं. आणि आता तो सभासद!

कौशल्या आणि मी दोघी अंजनगाव सुर्जीच्या, एकाच गल्लीतल्या. लहानपणी तिच्या बाहुलीला नथ होती, माझ्या बाहुलीला नव्हती. लग्नं होऊन दोघी अमरावतीला राजापेठेत आलो, तर घरंही भिंतीला भिंत लागून मिळाली. देवाला दुसरी जागा सापडली नाही.

ही सभा निघाली नागपूरला. आपली पोरं बॅरिस्टर व्हायला विलायतेला जातात, मग बाहेरच्या मुलखातली पोरं आपल्याकडं शिकायला का येऊ नयेत, असं सभेचं म्हणणं. आपल्याकडं संस्कृत आहे, वैद्यक आहे, आखाडे आहेत. अमरावती आणि अकोला या तिच्या वऱ्हाडातल्या दोन शाखा. वर्गणी काही नाही. आलेल्या विद्यार्थ्याला आठवड्यातला एक वार दोन्ही वेळ जेवू घालायचं, की झालात सभासद. गरिबाची पोरं वार लावून शिकत, तीच रीत सभेनं परदेशी पाहुण्याला लावली. वार सात, म्हणून एका विद्यार्थ्यामागं सभासदही सात. कौशल्येला गुरुवार मिळाला होता.

आमच्या शाखेच्या वाट्याला सिलोनचा विमलसेन आला. विशीतला, सावळा, गाईसारखा गरीब. संस्कृत शिकून पुढं वैद्य व्हायचं म्हणून एवढ्या लांब आलेला. माझ्या सासूबाईंनी ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, “लंकेचा हाय म्हन्ता? बिभीषणाच्या घराण्यातला असन तं येऊ द्या बापा.”

पण तो आमच्याकडं येणार कुठून? तो येई शेजारी. गुरुवारी भिंतीपलीकडून फोडणीचा वास येई आणि माझ्या पोटात आग पडे. विहिरीवर कौशल्या भरल्या घागरीपेक्षा जड आवाजात बोले. “गुरुवारी मले अजिबात फुरसत नसते व. आमचा परदेशी येते जेवाले.”

आमचा परदेशी! जसा काही हिनं तो पाळण्यात घालून वाढवला होता.

मी घरात विषय काढला. आमचे हे, शालिकराम, संत्र्याच्या बागेतून नुकतेच आले होते. म्हणाले, “सात वार, सात घरं. तुह्यासाठी आठवा वार कोठून पैदा करू?” आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन सभेचे चिटणीस नत्थुजी मास्तर यांच्या घरी गेले.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचं एकच दुखणं होतं, अकोला. अकोल्याच्या शाखेनं दोन विद्यार्थी मिळवले होते आणि त्यामुळं तिथं सभासद चौदा झाले होते. हे मला ठाऊक होतं.

“मास्तर,” मी म्हणाले, “एका वारात दोन जेवनं असतात. दुपारचं एक घर धरा, सांजचं दुसरं. मंग आपलेही चौदा होतात.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “चौदा,” ते म्हणाले. “हे डोक्यातच आलं नाही माह्या. मंग सुरुवात कोनत्या वारापासून कराची?”

“गुरुवारपासून करा.”

“गुरुवारच काहून?”

“दत्ताचा वार हाय. चांगल्या कामाले चांगला.”

बाकीच्या सहा घरांनी वार फोडायला साफ नकार दिला. महादेवराव मात्र दुपारच्या झोपेत होते, त्यांनी डोळे न उघडताच हो म्हटलं. सभासद सातचे आठ झाले आणि फुटला तो फक्त कौशल्येचा गुरुवार. दुपार तिची, सांज माझी. माझ्याही दारावर निळी पाटी लागली. खिळे ठोकताना मी गड्याला मुद्दाम सावकाश ठोकायला सांगितलं.

कौशल्या आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पुढच्या गुरुवारी मात्र बोलली, आणि ती रोडग्यांनी बोलली.

रोडगे म्हणजे काय ते वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा गोळा, वर वाटीभर तूप, सोबत वांग्याची भाजी. एक खाल्ला तर माणूस बैलासारखा सुस्त होतो. सांजेला विमलसेन माझ्या ओसरीवर आला तो भिंत धरून.

“दुपारी काय होतं बापा?” मी विचारलं.

“रोडगे होते काकू.” आमची बोली तो फार लवकर शिकला होता. “त्यायनं लय वाढले.”

बाईचा डाव मला कळला. दुपारीच असं ठासून भरायचं, की माझं ताट तसंच राहावं! मी त्याच्यासमोर पाटवडीचा रस्सा, भाकरी, भरीत आणि वर शेवयांची खीर ठेवली. त्यानं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि जेवायला बसला. सगळं संपवलं. कारण नत्थुजी मास्तरांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, या देशात पानात टाकलं तर घरधनिणीचा अपमान होतो.

त्यानंतर काय विचारता! तिनं पुरणपोळी केली तर मी सांजेला बासुंदी केली. तिनं कढीगोळे केले तर मी वडाभात केला, तेलाची धार वरून. जेवताना तो बोलत नसे. घाम पुसत जेवे. मी समोर पाट टाकून बसत असे आणि मनात एकच धरून असे. याच्या तोंडून एकदा निघावं, ‘काकू, त्यांच्यापेक्षा तुमच्या हातचं गोड.’ एवढंच मला पाहिजे होतं. सभा, भारत, विद्या, सगळं मास्तरांनी सांभाळावं. मला ते एक वाक्य हवं होतं, आणि भिंतीला कान लावून बसलेल्या कौशल्येला ते ऐकू जायला हवं होतं. पण पोरगं हात धुताना फक्त नमस्कार करी.

मग सभेचा वार्षिक मेळावा अकोल्याला ठरला. वार आला शुक्रवार. दोन्ही शाखांचे विद्यार्थी संस्कृत म्हणून दाखवणार, नागपूरची मोठी मंडळी ऐकणार. आदल्या दिवशी गुरुवार. कौशल्या म्हणाली, पोराला उद्या उभं राहायचं आहे, अंगात ताकद पाहिजे. आणि तिनं रोडगे केले. ताकद मलाही कळते. मी पुरण घातलं.

सकाळच्या गाडीनं आम्ही सगळे निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली, मूर्तिजापूर गेलं, विमलसेन खिडकीला डोकं टेकून बसलेला. कौशल्येनं त्याच्यासाठी दशम्या आणल्या होत्या. मी चिवडा काढला. त्यानं डोळेच मिटून घेतले.

अकोल्याच्या सभागृहात आधी त्यांचा जावा बेटातला विद्यार्थी उठला. बारकासा, काटकुळा. श्लोकामागून श्लोक असे म्हणाला, की अकोलेकर छाती काढून आमच्याकडं बघू लागले. मग विमलसेन उभा राहिला. पहिली ओळ म्हणाला. दुसरीचा अर्धा भाग म्हणाला. कपाळावर घाम आला, एक हात पोटावर गेला आणि तो वाकून सरळ बाहेर निघून गेला. मागच्या बाकांवर हशा पिकला.

त्याला शिकवणारे शास्त्रीबुवा तिथंच बसले होते. ते उठले. “माझी तक्रार जुनी आहे,” ते म्हणाले. “या मुलाचा शुक्रवारचा पाठ महिनोन् महिने झालेलाच नाही. गुरुवारी तो कुठं जेवतो ते एकदा विचारा.”

विचारलं गेलं. चार माणसांत, मोठ्यानं. महादेवराव जागे होते, हे त्यांचं दुर्दैव; दोन्ही घरांची नावं त्यांनाच सांगावी लागली.

अकोल्याचे चिटणीस शेषराव गोड हसून म्हणाले, “मुलगा आमच्याकडं राहू द्या. आमचे विद्यार्थी आता हातानं करून खातात. वार आम्ही मोडले.” नागपूरच्या मंडळींनी माना डोलावल्या. नत्थुजी मास्तरांनी मान खाली घातली. मग ते आम्हा दोघींकडं वळले. “विद्या दाखवाले आनला होता बायांनो त्याले,” ते म्हणाले. “तुमी निस्ते रोडगे दाखवले.”

गाडीला वेळ होता. विमलसेन बाहेर पडवीत पाण्याचा तांब्या घेऊन बसला होता. आम्ही दोघी त्याच्यापाशी गेलो. वाटेत एकमेकींशी बोललो नाही, पण पाय मात्र बरोबर पडत होते.

कौशल्येनंच तोंड उघडलं. “आता तं तू इथंच राहून राहिला बापा. जाता जाता एक सांग. माह्या हातचं गोड लागे का इच्या?”

“खरं सांग,” मी म्हणाले. “आमाले राग नाही येनार.”

हे शुद्ध खोटं होतं. माझा जीव कानात गोळा झाला होता.

त्यानं तांब्या खाली ठेवला. आम्हा दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. पोरगं गरीब होतं आणि खोटं बोलायला आम्ही त्याला शिकवलं नव्हतं.

“मले शुक्रवार गोड लागे काकू,” तो म्हणाला.

“शुक्रवार?” कौशल्या म्हणाली. “शुक्रवारी तं वकिलाचं घर. वकिलीन काय असं रांधते?”

“त्यायच्याकडे मी जात नव्हतो. पोट दुखते म्हनून सांगून देत जाओ. पानी पिऊन दिवसभर पडून राहो. कोनी वाढाले नसे.” तो हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. “लय बरं वाटे.”

कौशल्येनं पदर तोंडाशी नेला. मलाही रडू आलं, मी काही दगड नव्हे. पण ते नंतर आलं. त्याच्या आधी माझ्या जिवाला गार वाटलं, की त्यानं तिचंही नाव घेतलं नाही. मी कौशल्येकडं पाहिलं. ती माझ्याकडंच पाहत होती, आणि तिच्याही डोळ्यांत अगदी तेच होतं.