एकोणीस बरोबर उत्तरं

मी एक जुनं स्प्रिंग तपासायचं यंत्र आहे. माझ्यात स्प्रिंग ठेवून चाक फिरवलं की ती दबते आणि किती किलोचा भार पडला ते माझी सुई सांगते. माझा जन्म उल्हासनगरच्या एका कारखान्यात झाला. १९८३ साली हिरवागार रंग लावून मला अंबरनाथ पूर्वेच्या एका तंत्रनिकेतनात आणलं. प्रयोगशाळेतले हिंदुराव मला रोज पुसत. मी अगदी ऐटीत होतो.

मित्रांनो, पूर्वी सर चाक फिरवायचे आणि मुलं नुसती बघायची. गायकवाड मॅडम आल्या आणि त्यांनी मुलांच्याच हाती चाक दिलं. अशाने मुलं जास्त शिकतात का, हे त्यांना शोधायचं होतं. दरवर्षीचीच स्प्रिंग वीस मुलांनी एकेक करून मोजली आणि एकोणीस उत्तरं बरोबर आली. मॅडमनी आनंदाने पुण्याच्या शिक्षक परिषदेसाठी निबंध लिहिला.

चुकली ती एकटी नवसी, वांगणीजवळच्या पाड्यावरून येणारी.

मॅडमनी तिला विचारलं, "हे आकडे कुठून आणलेस गं?"

"सुईने दावले तेच लिवले, मॅडम. तीनदा बघितलं."

मॅडमनी माझ्यावर वीस किलोचं वजन ठेवलं. मी पंचवीस दाखवले. चाळीसला पन्नास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिघडलेल्या यंत्रावर एकोणीस जणांची उत्तरं बरोबर आली कशी? त्या सगळ्यांनी मागच्या वर्षीच्या वह्यांमधून आकडे उतरवले होते.

विभागप्रमुख म्हणाले, "विसांत एक चुकतोच. निबंध पाठवून द्या, मॅडम."

"सर, बरोबर ती एकटीच आहे," मॅडम म्हणाल्या.

निबंध त्यांनी पुन्हा लिहिला. आपली पद्धत सिद्ध झाली नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. पुण्याला म्हणे त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. मॅडम हसतच परतल्या.

हिंदुरावांनी मला उघडून दुरुस्त केलं. पुढच्या वर्षी प्रत्येक गटाला वेगळी स्प्रिंग मिळाली, त्यामुळे जुनी वही कुणाच्या उपयोगाची राहिली नाही. मुलांची भांडणं, खाडाखोड, पुन्हा मोजणं यांनी प्रयोगशाळा गजबजून गेली. या वेळी बरोबर उत्तरं आली फक्त अकरा, पण ती मुलांची स्वतःची होती. मॅडमनी अकराच लिहिली.

आता माझा रंग उडालाय, चाक कुरकुरतं. तरी नव्या वर्गाचा पहिला तास माझ्यापाशीच भरतो. मित्रांनो, मला तेल द्या, धुळीत टाकू नका. आणि माझा आकडा लिहिण्याआधी मला एकदा तपासून बघा. मला मुळीच राग येणार नाही.