जमिनीवरची नळी

"मागे सरका, मागे सरका, फोटोत नुसती कोपरं येतायत," विज्ञानाचे हॉलिस सर म्हणाले, तशी नेल्डा कांतू हातातला ट्रे सांभाळत भिंतीला चिकटून उभी राहिली. डोक्यावरची, शाळेच्या भटारखान्यात काम करताना घालायची जाळी काढायची राहून गेली होती. ती तिने एका हाताने ओढून खिशात कोंबली.

प्रयोगशाळेच्या टेबलावर मार्कर पेनाएवढी एक मऊ, पारदर्शक नळी होती. महिनाभर अंतराळ स्थानकावर राहून ती परत आली होती. दोन क्लिपांनी तिचे तीन कप्पे केलेले होते. एका टोकाला पाणी, मधे कांद्याचं बी, दुसऱ्या टोकाला स्पिरिट. पाण्याची क्लिप अंतराळवीराने परतीच्या आठवडाभर आधी उघडली होती. स्पिरिटची आता इथे उघडायची, म्हणजे कोंब ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत थांबेल.

कांद्याचा कोंब मान दुमडून वर येतो आणि मग सरळ होतो. वजनच नसेल, तर वर कुठे आहे हे त्याला कसं कळेल? तो मान दुमडेल का? हा प्रश्न नेल्डाच्या मुलीचा, सातवीतल्या मारिबेलचा होता. गावाच्या तिन्ही बाजूंना कांद्याची शेतं होती, अर्ध्या गावाने कांदे भरण्याच्या शेडमध्ये कंबर मोडून घेतली होती, पण हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. शाळेतल्या सगळ्या प्रयोगांमधून तिचा निवडला गेला. पुढच्या महिन्यात वॉशिंग्टनला शाळकरी मुलांच्या विज्ञान परिषदेत तोच मांडायचा होता. तेव्हापासून मारिबेल झोपेतही वॉशिंग्टन म्हणायची.

नेल्डाच्या ट्रेवर होती ती त्या नळीची जुळी. अंतराळातल्या नळीला जे करायचं तेच, त्याच वेळी, हिलाही करायचं, म्हणजे तुलना होते. शनिवार-रविवारी शाळेचा एसी बंद असायचा. फक्त भटारखान्याच्या कोठीतला चालू राहायचा. म्हणून ही नळी कोठीत, मक्याच्या पिठाच्या पोत्यांशेजारी ठेवलेली होती. तिची पहिली क्लिप वेळेवर नेल्डानेच उघडली होती. तेव्हा तिच्याबरोबर काम करणारी चेला कमरेवर हात ठेवून ओरडली होती, "हॅलो ह्यूस्टन, नेल्डा बोलतेय! बटाटे संपलेत, रॉकेटनं पाठवा!"

"चला मारिबेल," सर म्हणाले.

हातमोजे घातलेली मारिबेल वाकली. क्लिप उघडायच्या आधी तिने नळी उजेडात धरली आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?" मुख्याध्यापिका प्रुइटबाईंनी विचारलं.

"एकही उगवलेलं नाही."

बी काळंभोर, ओलं, पेरल्या दिवशी असतं तसंच होतं. मागून ब्रेडी नावाचा मुलगा म्हणाला, "मेलं की काय सगळं?" दोघे-तिघे हसले. मारिबेलने पाण्याकडचं झाकण काढून नाक जवळ नेलं. मग दुसऱ्या टोकाचं काढून तिथेही हुंगलं.

"सर, स्पिरिटची क्लिप अजून बंदच आहे," ती म्हणाली. "मग बियांना स्पिरिटचा वास का येतोय? आणि या टोकाला काहीच वास नाही. इथं पाणी आहे. भरतानाच उलटंपालटं झालंय."

हॉलिस सरांनी चष्मा काढून पुसला.

"भरलं कुणी होतं?" प्रुइटबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे वर्तमानपत्रातला फोटो चौकटीत लावलेला होता. मारिबेल, पांढरा कोट, एका हातात नळी, दुसऱ्या हातात सिरिंज.

नळी भरली त्या दिवशी नेल्डा मुलांसाठी कुकीज घेऊन आली होती. दारात उभं राहून तिने सगळं पाहिलं होतं. कुरियरवाला यायचा होता म्हणून सरांनी नळी स्वतःच भरून बंद केली. "पोरांनी सांडलं तर वर्ष गेलं," असं ते म्हणाले होते. मग फोटोसाठी त्यांनी मारिबेलच्या हातात रिकामी सिरिंज दिली. तिचं टोपणही काढलेलं नव्हतं. कुरियर गेल्यावर दुसरी नळी त्यांनी मारिबेलकडे सरकवली. "ही तू भर गं. ही कुठं जायचीय!" ती मारिबेलने भटारखान्याच्या स्टीलच्या टेबलावर भरली. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसत होत्या, म्हणून भरायच्या आधी तिने प्रत्येक हुंगून पाहिली होती.

"सर," मारिबेल म्हणाली, "त्या दिवशी ती सिरिंज तर..."

हॉलिस सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मारिबेल, बाळा, कुणीही तुला रागावणार नाहीये." त्यांचा आवाज मऊ होता. "चूक कुणाकडून होत नाही? मोठमोठ्या शास्त्रज्ञांकडून होते. मुलांच्या हातात काम दिलं की हे होणारच. आपण चुकीतूनच शिकतो. खरं ना?"

प्रुइटबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. ब्रेडीने जोरात वाजवल्या. फोटो काढायला आलेली वर्तमानपत्राची वार्ताहर मुलगी भराभर लिहून घेत होती. मारिबेलचं तोंड अजून उघडंच होतं.

वऱ्हांड्यात प्रुइटबाईंनी नेल्डाला बाजूला घेतलं.

"नेल्डा, पोरीला समजाव. उद्या सरांना एकदा सॉरी म्हणाली की विषय संपला. वॉशिंग्टनला मी तिलाच पाठवीन, शब्द देते. नाहीतर ब्रेडीला पाठवावं लागेल. शिवाय चौकशी लावावी लागेल, ते वेगळंच."

"बाई, पण तिनं..."

"तू होतीस का तिथं?"

नेल्डाने हातातल्या ट्रेकडे पाहिलं.

"कुकीज द्यायला आले होते," ती म्हणाली. "लगेच गेले."

भटारखान्यात जेवणाची वेळ टळून गेली होती. चेला मागच्या दारात सिगारेट ओढत होती. मारिबेल स्टीलच्या टेबलाशी उभी होती.

"आई, तू पाहिलं होतंस. दारातच होतीस तू."

"होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? भिंतीवर फोटो कुणाचा आहे?" नेल्डाने फडकं ओलं करून टेबल पुसायला घेतलं. ते आधीच पुसलेलं होतं. "तुला वॉशिंग्टनला जायचंय ना?"

"जायचंय."

"मग सॉरी म्हण आणि जा."

"पण माझं काय चुकलं?"

"काही नाही. म्हणून तर सोपंय. एकदा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. माझं बघ, मी रोज म्हणते."

मारिबेलने ट्रेवरची नळी उचलली.

"हिची क्लिप उघडायची राहिलीय," ती म्हणाली. "वेळ झाली."

तिने क्लिप उघडली, नळी शिकवल्याप्रमाणे हळूच वरखाली केली, स्पिरिट आत पसरताना पाहिलं आणि नळी कोठीत पोत्यांशेजारी परत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तिने सॉरी म्हटलं. सर म्हणाले, "शाब्बास. याला धाडस लागतं." आठवड्याने त्यांनी भाषण लिहून आणलं. त्याला नाव होतं 'माझ्या चुकीने मला काय शिकवलं'. परिषदेला असले विषय फार आवडतात, असं ते म्हणाले. दुसरी नळी बरोबर न्यायची का, असं मारिबेलने विचारलं, तर ते म्हणाले, "ती नको. लोक उगीच गोंधळतील. ती टाकून दे."

जायच्या आदल्या दुपारी तिने भटारखान्यात दुधाच्या क्रेटवर उभं राहून भाषण म्हणून दाखवलं. कागद बघावा लागत नव्हता. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं बसलं होतं. शेवटी चेलाने ॲप्रनने डोळे पुसले.

"बाई गं, काय बोलते पोरगी! नेल्डा, नशीब काढलंस तू."

मारिबेल चेलाकडे बघून हसली. मग आईकडे वळली.

"आई, 'नळी मी भरली' म्हणताना 'मी'वर जोर देऊ का? सर म्हणतात, तिथं क्षणभर थांबून खाली बघायचं. मग लोकांना ते खरं वाटतं."

"दे," नेल्डा म्हणाली.

मारिबेलने ते वाक्य पुन्हा म्हटलं. ती थांबली, खाली पाहिलं. आवाज जिथे जरासा कापायला हवा होता, तिथेच कापला.

"हं," नेल्डा म्हणाली. "छान झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळाकडे जाणारी शाळेची गाडी निघून गेली. त्या दिवशी जेवणात नगेट्स होते. त्याआधी नेल्डा पीठ काढायला कोठीत गेली. पोत्याशेजारी नळी तशीच होती. टाकायला म्हणून तिने ती उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

सगळं बी उगवलेलं होतं. पांढरे, केसासारखे बारीक कोंब वर आले होते, आणि एकूण एक कोंबाची मान दुमडलेली होती. त्या दुपारी स्पिरिट आत गेलं तेव्हा अजून एकही सरळ झालेला नव्हता.

"नेल्डा! पोरं रांगेत उभी आहेत!" बाहेरून चेला ओरडली.

तिने नळी पोत्याच्या मागे पार आत सरकवली, डोक्यावर जाळी चढवली आणि पीठ घेऊन बाहेर गेली.